आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे : एका शब्दाची किंमत किती?

सकाळी मोबाईल उघडला की एखादी तरी बातमी अशी असतेच. "अमुक प्रकरणातील आरोपीला अटक", खाली फोटो, फोटोखाली नाव, आणि नावावरून धर्म. संध्याकाळपर्यंत टीव्हीवर त्याच माणसाला 'मास्टरमाइंड' म्हटलेले असते. रात्री मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतो, "हा आपल्या अमक्याचा मुलगा ना?" एवढ्यात त्या घराचा निकाल लागलेला असतो. न्यायालयात अजून काहीच सुरू झालेले नसते.

या सगळ्याच्या मुळाशी एक छोटा शब्द आहे, 'आरोपी'. रोजच्या वापरातला, इतका घासलेला की त्याचा अर्थ कुणी विचारतच नाही. आम्हाला वाटते, तो विचारण्याची वेळ आली आहे. कारण शब्द चुकला की माणूस चुकीच्या रांगेत उभा राहतो, आणि त्या रांगेतून बाहेर यायला काही जणांना एकोणीस वर्षे लागतात.

शब्द काय सांगतो?

'आरोप' हा शब्द संस्कृतातून आला. त्याचा मूळ अर्थ चढवणे, ठेवणे, लावणे. वृक्षारोपण म्हणतो तेव्हा झाड जमिनीत लावतो, तसा आरोप म्हणजे एखादी गोष्ट माणसावर लावणे. लावलेली गोष्ट खरी की खोटी, हे त्या शब्दात कुठेच नाही. ते नंतर ठरायचे असते.

आता 'आरोपी' पाहा. रोग ज्याला आहे तो रोगी, गुण ज्याच्यात आहे तो गुणी. त्याच चालीवर आरोप ज्याच्यावर आहे तो आरोपी. पण गंमत अशी की रोग आणि गुण माणसाच्या आत असतात, आरोप मात्र बाहेरून कुणीतरी केलेला असतो. शेवटी लागलेल्या त्या 'ई'मुळे बाहेरची गोष्ट आतली वाटायला लागते. हिंदीतली काही वृत्तपत्रे म्हणूनच 'आरोपी'ऐवजी 'आरोपित' लिहितात. व्याकरण काटेकोर लावले तर 'आरोपी'चा अर्थ आरोप करणारा असाही होऊ शकतो, असे तिकडच्या जाणकारांचे म्हणणे. मराठीत तो गोंधळ नाही, कारण तक्रार करणाऱ्याला आपण 'फिर्यादी' म्हणतो. 'आरोपी' हाच शब्द कोर्टात, पोलीस ठाण्यात आणि बातमीत रुळला आहे. शब्द बदलायचा आमचा हट्ट नाही. त्याचा अर्थ लक्षात ठेवावा, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या उर्दू-दखनीत तर हा फरक आधीपासून स्वच्छ आहे. ज्याच्यावर इल्जाम आहे तो 'मुलजिम', ज्याचा जुर्म साबित झाला तो 'मुजरिम'. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, पण त्यांच्यामध्ये अख्खा खटला उभा असतो. साक्षीदार, पुरावे, उलटतपासणी, वकिलांचा युक्तिवाद, निकाल, मग अपील. आपले आजी-आजोबा, जुन्या सिनेमांतले कोर्टाचे प्रसंग बघूनसुद्धा, हा फरक ओळखायचे. आपण मात्र तो विसरत चाललो आहोत.

आणखी एक शब्द गोंधळ वाढवतो, 'गुन्हा'. फारसीतला 'गुनाह' मराठीत येऊन 'गुन्हा' झाला. आपण नमाजनंतर दुआ मागताना स्वतःला गुनहगार म्हणतो, ते अल्लाहपुढच्या नम्रतेने. पण मराठीत 'गुन्हेगार' म्हणजे कायद्याने दोषी ठरलेला. आणि "त्याच्यावर गुन्हा दाखल झाला" हे वाक्य ऐकले की निम्म्या लोकांना वाटते गुन्हा सिद्धच झाला. प्रत्यक्षात दाखल होते ती पोलिसांकडची पहिली खबर, ज्याला आपण एफआयआर म्हणतो. ती तपासाची सुरुवात आहे, शेवट नाही.

कायद्यातल्या पायऱ्या

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. नाव बदलले, कलमांचे आकडे बदलले, पण पायऱ्या बऱ्याचशा त्याच आहेत. त्या समजून घेतल्या तर बातमी वाचताना घाबरायला होणार नाही.

पहिली पायरी खबर. एफआयआरमध्ये नाव असले म्हणजे अटक झालीच पाहिजे असे नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या बहुतेक गुन्ह्यांत पोलिसांनी आधी नोटीस देऊन चौकशीला बोलवावे, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात हे ठासून सांगितले. या टप्प्यावर माणूस फार तर 'संशयित' असतो.

दुसरी पायरी अटक. अटक झाली तर कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि २४ तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. संविधानाचे २२ वे कलम हा हक्क देते. कलम २०(३) सांगते की कुणालाही स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

तिसरी पायरी आरोपपत्र, म्हणजे चार्जशीट. ही पोलिसांची बाजू. "हजारो पानांचे आरोपपत्र दाखल" अशी बातमी आली की लोकांना वाटते एवढी पाने म्हणजे काहीतरी असणारच. पानांच्या वजनावर कुणी दोषी ठरत नाही. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करते किंवा पुरेसा आधार नसेल तर माणसाला तिथेच मोकळे करते. मग खटला, आणि निकाल. त्या निकालात दोषी ठरला तर, आणि तरच, तो गुन्हेगार. त्याच्या आधी कायदा त्याला निर्दोषच धरतो.

हे कागदावर. प्रत्यक्षात काय आहे? २०२२ च्या सरकारी तुरुंग-आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे चार कैद्यांतले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. या कच्च्या कैद्यांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. त्यात यूएपीए, मनी लाँडरिंग किंवा अमली पदार्थांच्या कायद्यात जामिनाच्या अटी इतक्या कडक की खटला सुरू होण्याआधीच वर्षे निघून जातात. म्हणजे आरोप हीच शिक्षा होऊन बसते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सांगितले की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर यूएपीए असूनही जामीन देता येतो. दिलासा आहे, पण तो मिळवायला वरच्या न्यायालयापर्यंत जावे लागते, आणि तिथपर्यंत जायची ऐपत किती घरांत असते?

मालेगाव, मुंबई, औरंगाबाद

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार, शबे-बरातचा दिवस. मालेगावात मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले. मेलेले बहुतेक आपलेच लोक होते. त्याच प्रकरणात पकडले गेलेही नऊ मुसलमानच. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, त्यांना जामीन मिळाला. पुढे तपासाची दिशाच बदलली आणि २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. तोवर त्यातला एक जण हयात नव्हता. दहा वर्षे ही घरे 'स्फोटातल्या आरोपीचे घर' म्हणून ओळखली गेली. ज्या कब्रस्तानात त्यांच्या ओळखीची माणसे दफन झाली, त्याच स्फोटाचा ठपका त्यांच्यावर होता.

त्याच वर्षी ११ जुलैला मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने एकाला निर्दोष सोडले, बाराजणांना दोषी ठरवले. पाचजणांना फाशी, सातजणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. कबुलीजबाब आणि साक्षीदार, दोन्ही न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. एकजण तोवर कैदेतच वारला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरता येणार नाही; मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जाण्याची गरज नाही. अपील सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. हेही वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण अर्धी माहिती पुढे पाठवणे हीसुद्धा एक प्रकारची तोहमतच.

गुजरातच्या अक्षरधाम हल्ल्याच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांच्यातही फाशी झालेले होते.

आणि २०२० आठवते? करोनाच्या पहिल्या लाटेत तबलिगी जमातवर किती राळ उडवली गेली. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेणे-न घेणे ठरू लागले होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातसाठी आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. माध्यमांच्या प्रचारावरही ताशेरे ओढले. आरोपाची बातमी मात्र महिनाभर दिवसरात्र चालली होती. रद्द झाल्याची बातमी किती जणांपर्यंत पोहोचली?

माध्यमांची घाई, बुलडोझरची घाई

जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या मृत्यूच्या वार्तांकनाबाबत निकाल देताना माध्यमांना स्पष्ट मर्यादा घालून दिल्या. तपास चालू असताना कुणाला दोषी ठरवू नये, कथित कबुलीजबाब पुराव्यासारखा दाखवू नये, असा त्याचा आशय. वाहिन्यांनी तो कितपत पाळला, ते आपण रोज पाहतोच.

आणि आता आरोपाला बुलडोझर जोडला गेला. दंगलीत किंवा भांडणात नाव आले की दुसऱ्या दिवशी घर अनधिकृत ठरते. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ आरोपी आहे म्हणून, एवढेच काय दोषी ठरला म्हणूनही, प्रशासन कुणाचे घर पाडू शकत नाही. बांधकाम खरेच अनधिकृत असले तरी १५ दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची संधी आणि लेखी आदेश लागेल. एका माणसावरच्या आरोपासाठी त्याच्या आईचे, बायकोमुलांचे छप्पर काढून घेणे ही सामूहिक शिक्षा आहे, हे न्यायालयाने मान्य केले.

इथे एक विसंगतीही सांगितली पाहिजे. ज्याच्यावर खटले चालू आहेत तो निवडणूक लढवू शकतो, आमदार-खासदार होतो, मंत्रीही होतो. प्रतिज्ञापत्रात खटल्यांची यादी दिली की झाले. अपात्रता येते ती दोषी ठरून शिक्षा झाल्यावरच. कायद्याने ते बरोबरही आहे, कारण आरोपी म्हणजे दोषी नाही. मग हाच न्याय भाड्याने खोली शोधणाऱ्या तरुणाला का मिळत नाही?

आता आपल्या घरात डोकावू

इथपर्यंत वाचून माना डोलावणे सोपे आहे. पुढचे थोडे अवघड आहे.

मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी पुन्हा स्फोट झाला, सहाजण गेले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने त्या खटल्यातल्या सातही आरोपींची पुरेशा पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. दहाच दिवसांपूर्वी लोकल स्फोटांच्या निकालावर "सत्याचा विजय" म्हणणारे आपल्यातलेच काहीजण या निकालावर "सगळे सेट होते" म्हणू लागले. आणि पलीकडचे लोक बरोबर उलटे बोलत होते. निकालावर टीका करता येते, अपील करता येते, तपास यंत्रणा कमी पडली असेल तर जाबही विचारता येतो, विचारलाच पाहिजे. सहा घरांना अजून उत्तर मिळालेले नाही. लोकलमध्ये मेलेल्यांच्या घरांनाही नाही. पण 'सिद्ध होईपर्यंत निर्दोष' हे तत्त्व आपल्या माणसासाठी एक आणि समोरच्यासाठी दुसरे, असे चालणार नाही. तसे केले तर आपण तत्त्वाच्या नव्हे, फक्त आपल्या टोळीच्या बाजूने उभे आहोत असा अर्थ होतो.

दुसरे, मोहल्ल्यातले. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बहिणीचे स्थळ कोण नाकारते? त्याच्या दुकानात जायचे कोण टाळते? जमातच्या कार्यक्रमात त्याला पुढच्या सफेत बसलेला पाहून कुजबुज कोण करते? ते सगळे टीव्हीवाले नसतात. "धूर आहे म्हणजे विस्तव असेलच," हे वाक्य आपल्याच ओट्यांवर ऐकू येते.

दीन याबाबतीत काय शिकवतो? सूरह हुजुरातमध्ये हुकूम आहे की कुणी बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. त्याच सूरहमध्ये जास्त गुमान करण्यापासून रोखले आहे. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर तोहमत घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटके आणि त्याची साक्ष कायमची बाद, इतका कडक नियम आहे. हजरत आयेशा (र.अ.) यांच्यावर खोटी तोहमत आली तेव्हा मदिनेत महिनाभर कुजबुज चालली होती. ऐकल्याबरोबर तुम्ही चांगला गुमान का केला नाहीत, असा सवाल कुरआनने त्यावेळी ईमानवाल्यांनाच केला. शत्रूंना नव्हे. फिकहमध्येही तत्त्व आहे की पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर, आणि शंका असेल तिथे हद्दची शिक्षा टळते.

हजरत यूसुफ (अ.) यांचा किस्सा तर आपल्या मुलांनाही ठाऊक असतो. इल्जाम आला तेव्हा फैसला कशावर झाला? कुर्ता पुढून फाटला की मागून, यावर. म्हणजे ओरड्यावर नाही, पुराव्यावर. निर्दोष असूनही ते कैदेत गेले. आणि बादशहाने सुटकेचा निरोप धाडला तेव्हा ते लगेच बाहेर आले नाहीत. आधी त्या प्रकरणाची चौकशी करा, असे त्यांनी सांगितले. नुसती सुटका त्यांना पुरेशी वाटली नाही, नावावरचा डाग निघणे त्यांना महत्त्वाचे वाटले. आपल्या सुटून आलेल्या मुलांना नेमके तेच हवे असते, आणि तेच आपण देत नाही.

मग करायचे काय?

मोठ्या गोष्टी न्यायालये आणि सरकारे करतील तेव्हा करतील. घरात करण्यासारख्या काही गोष्टी आजच्या आहेत.

घरात कुणाचे नाव एखाद्या प्रकरणात आले तर घाबरून पळापळ करू नका आणि मध्यस्थांना पैसे देऊ नका. एफआयआरची प्रत मिळवा, वकील गाठा. ऐपत नसेल तर प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीत असलेल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा हेल्पलाईन क्रमांक आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल, तर नव्या संहितेनुसार तो जामिनाला पात्र ठरू शकतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त खटले असलेले यातून वगळले आहेत. वकिलाला हे जरूर विचारा.

पासपोर्ट किंवा नोकरीच्या फॉर्ममध्ये खटला चालू आहे का असे विचारले असेल तर लपवू नका. खटला चालू असला तरी न्यायालयाच्या परवानगीने पासपोर्ट मिळू शकतो. लपवलेली माहिती मात्र पुढे जास्त महागात पडते. आणि निर्दोष सुटल्यावर निकालाची प्रमाणित प्रत काढून जपून ठेवा. भाड्याची खोली, पडताळणी, मुलांचे प्रवेश, सगळीकडे तो कागद कामाला येतो.

आणि बातमी पुढे पाठवताना एवढे करा : 'आरोपी' लिहिले असेल तर 'गुन्हेगार' करू नका, मग तो आपला असो वा परका. ज्याच्या अटकेची बातमी तुम्ही ग्रुपवर टाकली होती, त्याच्या सुटकेची बातमीही त्याच ग्रुपवर टाका. आम्ही, बातम्या लिहिणारेही, या नियमातून सुटत नाही. घाईत आमच्याकडूनही मथळे चुकले आहेत. यापुढे अटकेची बातमी दिली असेल त्या प्रकरणाचा निकालही आम्ही देऊ, आणि राहिला तर वाचकांनी आम्हाला हक्काने विचारावे.